चौथी संपली, आता पाचवी: मराठी शाळेतून इंग्रजीत जाणाऱ्या मुलांच्या आई-बाबांसाठी

आमची थोरली चौथीपर्यंत गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेत शिकली. चारही वर्गांची मिळून चौदा मुलं, दोन शिक्षिका, आणि मधल्या सुट्टीत धावत घरी येऊन पाणी पिऊन जावं इतकी शाळा जवळ. पाचवीला तिला हायस्कुलात घातली. तिथे एका वर्गात पंचेचाळीस मुलं, दर तासाला वेगळी टीचर आणि सगळं इंग्रजीत. पहिल्या आठवड्यात ती म्हणाली, शाळा छान आहे. दुसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं.

पोटदुखीचं कारण कळायला मला सव्वा महिना लागला. तुम्हाला तेवढा लागू नये म्हणून हे लिहिते आहे. मी शिक्षिका नाही, डॉक्टर नाही. एका मुलीला या पुलावरून पलीकडे नेलं आहे आणि धाकटा आता त्याच पुलाकडे निघाला आहे, एवढीच माझी पात्रता.

गोव्याबाहेरून आलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. इथल्या सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या आहेत. पोर्तुगिजांपासून मुक्ती मिळाल्यानंतर पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या काळात गावोगावी शाळा निघाल्या त्या मुख्यतः मराठी. १९९० साली सरकारने प्राथमिक स्तरावर भारतीय भाषांतून शिकवणाऱ्या शाळांनाच अनुदान द्यायचं धोरण आणलं, २०११ मध्ये ते अनुदान इंग्रजी प्राथमिक शाळांपर्यंत नेलं आणि त्यावरून रस्त्यावर आंदोलनं झाली. तो वाद इथे नको. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की पाचवीपासून जवळजवळ सगळीकडे माध्यम इंग्रजी होतं. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाची शाळा, मित्र, टीचर आणि भाषा, चारही गोष्टी एकाच सकाळी बदलतात.

१. शाळा ठरवताना निकाल कमी बघा, हे जास्त बघा

दहावीचा निकाल सगळेच विचारतात. मीही तोच विचारला. आता धाकट्यासाठी शाळा बघताना माझे प्रश्न वेगळे आहेत:

- पाचवीची वर्गशिक्षिका कोकणी किंवा मराठी बोलते का? मूल रडलं तर ती त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलेल?
- मराठी माध्यमातून येणाऱ्या मुलांसाठी सुरुवातीचे काही दिवस वेगळे घेतात का, की पहिल्याच दिवशी धडा पहिला?
- आपल्या गावच्या शाळेतलं आणखी कुणी त्याच तुकडीत असेल का? तसं मागता येतं. अर्जासोबत साध्या कागदावर दोन ओळी लिहून द्या. आम्हाला हे सुचलंच नाही आणि थोरली तिच्या एकुलत्या एका मैत्रिणीपासून वेगळी पडली.
- बालरथ (शाळेची बस) आपल्या वाड्यापर्यंत येतो का? येत नसेल तर कदंबची, म्हणजे सरकारी बसची, वेळ जुळते का? बस चुकण्याची धास्तीसुद्धा मुलाच्या डोक्यात अभ्यासाएवढीच जागा खाते.
- मुलींचं स्वच्छतागृह कुठे आहे? हे स्वतः जाऊन बघा, विचारू नका. कारण पुढे येईलच.

शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर पंधरा मिनिटं उभं राहा. मुलं कशी बाहेर पडतात, शिक्षक त्यांच्याशी कसं बोलतात, ते मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून कधी कळणार नाही.

कागदपत्रं. आम्हाला लागली ती: शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, चौथीचं प्रगतिपत्रक, मुलीचं आणि आमचं आधार, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि बँक पासबुकाची प्रत. लागू असेल तर जातीचा दाखला. प्रत्येकाच्या तीन प्रती काढून ठेवा. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग अक्षरन् अक्षर सारखं आहे का ते आत्ताच बघा. आमच्याकडे आधारवर आडनावात एक ए जास्त होता. तेवढ्यासाठी माझे चार दिवस गेले. पुढे दहावीला तो आणखी महागात पडला असता.

२. सुट्टीत एक वही घाला, पुस्तक नको

पाचवीची पुस्तकं आधीच आणून सुट्टीत पहिले तीन धडे 'करून घेणं' हा नेहमीचा सापळा. आम्ही केलं. जूनमध्ये वर्गात तेच धडे आले तेव्हा लेकीला कंटाळा, आणि चौथा धडा आला तेव्हा धडकी.

त्यापेक्षा दोनशे पानी वही घ्या आणि पानाचे तीन भाग करा. पहिल्यात मराठी शब्द, दुसऱ्यात इंग्रजी, तिसऱ्यात मुलाने स्वतः काढलेलं चित्र. चौथीपर्यंत तिला जे येतं तेच यात घालायचं, नवीन काही नाही. अपूर्णांक म्हणजे फ्रॅक्शन, परिमिती म्हणजे पेरिमीटर, खोड म्हणजे स्टेम. इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहिला तरी चालतो. दोन महिन्यांनी मुलं आपणहून ते सोडतात.

मे महिन्यात आमच्या गच्चीवर सोलां (आमसुलं) वाळत घातलेली असतात. सासूबाई भिरंडं (कोकमाची फळं) फोडतात, साली उन्हात पसरतात, रसात बुडवतात, पुन्हा पसरतात. थोरली चौथीत बाष्पीभवन शिकली होती. मी विचारलं, सोलांतलं पाणी जातं कुठे? तिने झटकन सांगितलं. मग वहीत सोलांचं चित्र काढलं आणि शेजारी इव्हॅपोरेशन लिहिलं. पुढे विज्ञानाच्या तासाला तो शब्द आला तेव्हा अख्ख्या वर्गात तिचा एकटीचा हात वर होता. ज्ञान तिच्याकडे आधीपासून होतं, नवीन आली ती फक्त चिठ्ठी.

आता खरी महत्त्वाची यादी, जी मला कुणी सांगितली नव्हती. विषयाच्या शब्दांआधी सूचनांचे शब्द शिकवा. मॅच द फॉलोइंग, फिल इन द ब्लँक्स, गिव्ह रीझन्स, अंडरलाइन, टिक, कॉपी डाउन, टर्न टु पेज अमुक. मुलाला उत्तर येत असतं, पण काय करायला सांगितलंय ते कळत नाही. असे पंचवीस-तीस शब्दप्रयोग आले की निम्मी भीती जाते.

त्याच्याही आधी गरजेची वाक्यं:

- मे आय गो टु द टॉयलेट?
- मे आय ड्रिंक वॉटर?
- आय डिड नॉट अंडरस्टँड.
- प्लीज से इट अगेन.
- आय ॲम नॉट फीलिंग वेल.

ही घरी खेळात म्हणवून घ्या, तुम्ही टीचर व्हा आणि ते मूल. पन्नास वेळा. झोपेत विचारलं तरी तोंडातून आली पाहिजेत.

३. घरची भाषा बंद करू नका

इथे मी सगळ्यात मोठी चूक केली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिल्या पालकसभेत एका शिक्षिकेने सगळ्यांना मिळून सांगितलं, घरी इंग्रजीतच बोला, म्हणजे मुलं लवकर सुधारतील. वाईट हेतूने नाही सांगितलं. आणि मी घरी येऊन नियमच केला. आमच्या घरात बोलणं कोकणीत, वाचणं आणि लिहिणं मराठीत, देवाच्या आरत्या मराठीत, भांडणं दोन्हींत. त्या दिवसापासून माझ्याशी आणि बाबांशी फक्त इंग्रजी. चुकली तर दंड एक रुपया, डब्यात.

डब्यात तीन रुपये जमले. कारण ती बोलायचीच बंद झाली. 'येस', 'नो', 'ओके मम्मा'. मला वाटलं, शहाणी झाली.

त्याच दिवसांत सकाळची पोटदुखी सुरू होती. डॉक्टरांनी तपासलं, जंताचं औषध दिलं, काही फरक नाही. मग एका संध्याकाळी मी डबा-बाटली धुवायला घेतली आणि बाटली हाताला जड लागली. सकाळी भरून दिलेली, तशीच गच्च भरलेली. दुसऱ्या दिवशीही तेच.

त्या रात्री ती स्वयंपाकघरात आजीजवळ बसली होती. आजीला इंग्रजी येत नाही, त्यामुळे माझा नियम आदोळीच्या (विळीच्या) पलीकडे चालत नव्हता. सासूबाई नारळ खवत होत्या आणि ही हळू आवाजात सांगत होती, "'मे आय' उपरांत कितें म्हणपाचें तें याद जायना, आजी." म्हणजे, पुढे काय म्हणायचं ते आठवत नाही. टॉयलेटला जाऊ का हे इंग्रजीत विचारायचं असतं. पहिल्या दिवशी ते अर्ध्यात अडकलं आणि मागच्या बाकावरची मुलं हसली. तेव्हापासून तिने विचारायचं टाळलं. विचारायला लागू नये म्हणून पाणीच पीत नव्हती. सकाळी सातपासून दुपारपर्यंत एक घोट नाही.

मी दाराआड उभी होते. दुसऱ्या दिवशी डब्यातले तीन रुपये तिला दिले, त्याची तिने चिक्की खाल्ली.

म्हणून हे लक्षात ठेवा. मुलाला ज्या भाषेत दुखतं, त्याच भाषेत ते सांगतं. ती वाट बंद केलीत तर इंग्रजी कदाचित दोन महिने आधी सुधारेल, पण मुलाचं काय बिनसलंय ते तुम्हाला कळायचं नाही. अभ्यासाच्या बाजूनेही फायदा नाहीच. मुलाने आधी जाणलेल्या भाषेतून शिकणं सोपं जातं, हे युनेस्कोच्या १९५३ च्या अहवालापासून २०२० च्या आपल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणापर्यंत सगळीकडे लिहिलेलं आहे. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी दोन गोष्टींत फरक केला: मैदानावर गप्पा मारण्याइतकी नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण पुस्तकातला धडा समजून उत्तर लिहिण्याइतकी यायला पाच किंवा त्याहून जास्त वर्षं लागतात. शेजारच्या मुलांशी फाडफाड इंग्रजी बोलणारं पोर समाजशास्त्राच्या पेपरात का अडखळतं, याचं उत्तर इथे आहे. ते आळशी नसतं.

दिवसातला एक ठरावीक वेळ इंग्रजीचा ठेवायला हरकत नाही. आम्ही संध्याकाळचा चहा ठेवला. पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजला की इंग्रजी सुरू, त्याच्याकडची पोळी (पाव) खाऊन संपली की बंद. आम्हालाही तेवढंच झेपतं.

४. पहिले सहा आठवडे शिकवू नका, बघा

रोज संध्याकाळी तीन गोष्टी बघायच्या, न विचारता. पाण्याची बाटली. डबा (भरून परत येतोय की नेहमीपेक्षा चाटूनपुसून रिकामा, दुसऱ्यातही कधी कधी अर्थ असतो, कुणीतरी खाऊन टाकतं). आणि वहीचं शेवटचं पान, जिथे मुलं खरं काय ते लिहितात आणि चितारतात.

"आज काय शिकवलं?" हा प्रश्न बंद करा. त्याचं उत्तर "काही नाही" हेच असतं. यांना उत्तरं मिळतात:

- डबा कुणाच्या बाजूला बसून खाल्लास?
- आज कुणाला ओरडा बसला?
- कोणत्या तासाला वेळ जातच नव्हता?
- आज कुणी हसलं? कशावर?

शेवटचा प्रश्न सहज, कामात असताना विचारायचा. समोर बसवून, डोळ्यांत बघून विचारलात तर मूल आवरून घेतं. भाजी निवडताना, स्कूटरवर मागे बसलेलं असताना, अंथरुणात दिवा घालवल्यावर, अशा वेळी मुलं बोलतात. आमच्या घरात बहुतेक मोठ्या बातम्या स्कूटरवर फुटल्या आहेत.

ऐकल्यावर लगेच उपाय सांगू नका. "तुला लाज वाटली ना तेव्हा?" एवढंच म्हणा आणि थांबा. कोकणी-मराठीत आपल्याकडे भावनांना नेमके शब्द आहेत: लाज वाटली, राग आला, हिरमुसली, धास्ती बसली, चुकल्या-चुकल्यासारखं झालं. मुलाला ते शब्द द्या. ज्याला 'मला धास्ती बसली' म्हणता येतं, त्याच्या पोटात दुखण्याचं प्रमाण कमी होतं, हा माझा दोन मुलांवरचा अनुभव.

"त्यात काय एवढं?" हे वाक्य घरातून हद्दपार करा. आजोबांनाही सांगा.

५. अभ्यास: आधी मराठीत, मग इंग्रजीत

आमचा क्रम असा बसला. धडा मी इंग्रजीत मोठ्याने वाचते, ती बोट ठेवून बघते. मग ती तो मला मराठीत किंवा कोकणीत सांगते, पुस्तक मिटून. सांगता आलं तर समजलं, नाही आलं तर पुन्हा वाचायचं. समजल्यावर मगच प्रश्नोत्तरं इंग्रजीत. पुस्तकातलं तयार उत्तर पाठ करण्याआधी तिचं स्वतःचं एक मोडकंतोडकं वाक्य लिहायचं. व्याकरण चुकलं तर चुकू द्या. एका विषयाला पंचवीस मिनिटं, मग उठायचं.

शिकवलेलं तीन-चार दिवसांनी पुन्हा विचारायचं. त्याच संध्याकाळी दहा वेळा घोकून घेण्यापेक्षा हे जास्त टिकतं.

गणितात तीन सापळे आहेत. पाढे मराठीतच राहू द्या. 'सात आठे छप्पन्न' हे तोंडात बसलेलं असताना 'सेव्हन एट्स आर' पुन्हा पाठ करवणं म्हणजे घडी घातलेले कपडे विस्कटणं. मनात मराठीत करू दे, उत्तर इंग्रजीत सांगू दे. दुसरा सापळा 'एकोण'चा. एकोणसाठ ऐकलं की 'साठ' कानात राहतं आणि मूल सिक्स्टी नाइन लिहितं. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास यांचा वेगळा सराव घ्या. तिसरा आकड्यांचा: इंग्रजी आठ आणि आपला ४ एकमेकांसारखे दिसतात, इंग्रजी नऊ आणि आपला १ सुद्धा. दोन्ही येतात, पण घाईत गल्लत होते. चाचणीत गुण का गेले ते बघताना हे आधी तपासा.

शिकवणीबद्दल. पाचवीला लगेच शिकवणी लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. शाळेतून दमून आलेलं मूल आणखी दीड तास बसतं, तिथे उत्तरं उतरवून घेतं, आणि घरी बोलायला वेळच उरत नाही. तुम्हाला स्वतःला इंग्रजी येत नसेल तरी 'मला मराठीत सांग' ही पायरी तुम्ही घेऊ शकता. आमच्या सासूबाई घेतात. "मला कळलं नाही, परत सांग" असं त्या खरोखरच म्हणतात, त्यामुळे त्यांच्याकडे धडा जास्त पक्का होतो. शिकवणी लावावीच लागली तर मराठी येणारी बाई शोधा आणि आठवड्यातून तीन दिवसच.

मराठी वाचन चालू ठेवा. पणजीला पाटो इथे कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ साली सुरू झालेलं. तिथे मुलांचा वेगळा विभाग आहे. महिन्यातून एकदा नेलं तरी पुरे. तिथे मूल चौथीपेक्षा खालच्या पातळीचं इंग्रजी पुस्तक उचलतं तेव्हा "हे तर बालवाडीचं" म्हणू नका. नव्या भाषेत ते बालवाडीतच आहे.

झोप आणि मोबाइल थोडक्यात: सहा ते बारा वयाला नऊ ते बारा तास झोप लागते. बालरथ पावणेसातला येत असेल तर रात्री साडेआठच्या पुढे जाण्यात अर्थ नाही. मोबाइल झोपायच्या खोलीत नको, तुमचाही.

६. सकाळी पोटात दुखतं तेव्हा

ते खोटं नसतं. भीतीने खरंच पोटात दुखतं, उलटी येते, डोकं धरतं. आधी डॉक्टरांना दाखवा. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर मनाचं म्हणून सोडून देऊ नका. ते काही नसेल आणि रविवारी पोट ठीक असेल, तर शाळेत काहीतरी अडलं आहे.

घरी ठेवणं हा सोपा मार्ग आणि तोच सापळा. एक दिवस घरी राहिलं की दुसऱ्या दिवशी भीती दुप्पट होते. शक्य तितकं शाळेत पाठवा, पण काहीतरी सोबत देऊन. आम्ही थोरलीच्या कंपासपेटीत चिठ्ठी ठेवली, तीत टॉयलेटचं वाक्य लिहिलेलं. अडलं तर नुसती चिठ्ठी दाखव. वर्गशिक्षिकेला आधी सांगून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवसापासून बाटली रिकामी यायला लागली. चिठ्ठी दाखवावी लागली फक्त एकदा.

चवथीची (गणेश चतुर्थीची) सुट्टी या वर्षी फार मोलाची असते. तोपर्यंत मूल पुरतं थकलेलं असतं. तेव्हा 'मागे पडलेला अभ्यास' काढू नका. माटोळीला (गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या मांडवीला) नारळाची पेंड, सुपारीची कातर (त्यांचे घड), आंबाडे बांधू दे, आरतीला घुमट (मातीचं वाद्य) वाजवू दे. जिथे त्याला सगळं येतं, सगळं कळतं, अशा जागी आठवडाभर राहिलं की मूल परत सरळ होतं.

७. टीचरशी बोलताना

शाळेच्या फाटकात, दहा पालकांसमोर बोलू नका. डायरीत (काही शाळांत तिला कॅलेंडर म्हणतात) भेटीची वेळ मागा. जाताना तक्रार नेऊ नका, निरीक्षण न्या. 'तुम्ही लक्ष देत नाही' म्हणालात तर पुढचं सगळं बंद. 'गेले दहा दिवस ती पाणी पीत नाही' म्हणालात तर पंचेचाळीस मुलांची टीचरसुद्धा दुसऱ्या दिवशी बाटलीकडे बघते. आमच्या बाईंनी बघितलं. त्यांनी सगळ्या वर्गालाच सांगितलं की पहिली सहामाही टॉयलेटसाठी नुसता हात वर केला तरी चालेल.

मागायचं तर एखादीच गोष्ट मागा: पुढचं बाक, किंवा गावच्या मैत्रिणीशेजारची जागा, किंवा वर्गात मोठ्याने वाचायला लावायच्या आदल्या दिवशी उतारा सांगून ठेवणं. तिन्ही एकदम नको.

मारहाण किंवा सगळ्यांसमोर अपमान होत असेल तर मात्र गप्प बसू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. तारखेसह लिहून मुख्याध्यापकांना द्या आणि पोच घ्या. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

८. आणखी मदत कधी घ्यायची

सर्वांत आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळा दिसत नसलेली मुलं ते सांगत नाहीत, त्यांना वाटतं सगळ्यांना असंच दिसतं.

त्यानंतर स्वतःला एक प्रश्न विचारा: ही अडचण मराठीतही आहे का? मूल मराठी पुस्तक घडाघडा वाचतं आणि फक्त इंग्रजीत अडतं, तर ती नव्या भाषेची अडचण आहे, वेळ द्या. पण चौथीपर्यंत मराठी वाचतानाही अक्षरं गाळत होतं, ओळ सोडत होतं, जोडाक्षरं जमतच नव्हती, फळ्यावरून उतरवायला तासभर लावत होतं, तोंडी मात्र सगळं येत होतं, तर तपासणी करून घ्या. अध्ययन अक्षमता ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरलेली आहे, हुशारीशी तिचा संबंध नाही. गोवा बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळेसारख्या सवलती मिळतात, पण प्रमाणपत्र ऐन दहावीत धावाधाव करून होत नाही. तपासणी करणाऱ्याला मुलाची पहिली भाषा कोणती ते आवर्जून सांगा.

कुठे जायचं: आधी शाळेचे समुपदेशक, असतील तर. नंतर बांबोळीला गोमेकॉजवळची (गोवा मेडिकल कॉलेजजवळची) मनोविकार संस्था, जिला सगळे आयपीएचबी म्हणतात. "तिथे वेडे जातात" म्हणून नातेवाईक नाकं मुरडतील, मुरडू देत. पर्वरीला संगात ही मानसिक आरोग्यासाठी १९९६ पासून काम करणारी संस्था आहे. रात्री-बेरात्री तुम्हालाच कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक.

जाताना न्यायचं: चौथीचं प्रगतिपत्रक, मराठीची आणि इंग्रजीची एकेक वही (चांगली निवडून नेऊ नका, रोजची न्या), चाचणीच्या उत्तरपत्रिका, डोळ्या-कानांचा रिपोर्ट, आणि तुम्ही लिहिलेलं एक पान: काय होतं, कधीपासून, कोणत्या वेळी.

९. पहिल्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका

गुण बघायचे आणि कागद बाजूला ठेवायचा. त्या दिवशी काही बोलायचं नाही. ज्या मुलाला चौथीत वर्गात पहिला नंबर होता त्याला इथे अठ्ठावीस-तीस पडले की तुमच्याआधी त्यालाच धक्का बसलेला असतो.

दुसऱ्या दिवशी मुलाबरोबर बसून तीन रंगांची पेनं घ्या. येत नव्हतं म्हणून चुकलं, तिथे लाल. येत होतं पण प्रश्न कळला नाही, तिथे निळं. येत होतं, कळलंही, पण इंग्रजीत लिहिता आलं नाही, तिथे हिरवं. कोणता रंग कुठे, ते मुलाने ठरवायचं. मुलं यात आश्चर्य वाटेल इतकी प्रामाणिक असतात.

निळं जास्त असेल तर सूचनांच्या शब्दांकडे परत जा. हिरवं जास्त असेल तर रोज दोन स्वतःची वाक्यं. फक्त लालसाठी धडा पुन्हा शिकवायचा.

थोरलीच्या विज्ञानाच्या पेपरात एकोणीस चुका होत्या. लाल चार. बाकी पंधरांत निळंच जास्त. तिने ते स्वतः मोजलं, पुन्हा मोजलं, आणि कागद घेऊन आजीला दाखवायला आत गेली.